होळीआधीचा राब

खोलपाडा, मासवणच्या पुढे
४ फेब्रुवारी

चिंतू,

पहिली ओळ काय लिहायची ते मला कधी सुचत नाय, म्हणून सरळ कामाचं लिहिते. आपल्या मोगऱ्याला थंडी लागली हाय.

ओहोळाकडची खालची ओळ बघ, तिथले शेंडे काळे पडले. पौषात एवढी थंडी पडली तेव्हा काय झालं नाय, कारण तेव्हा झाडं छाटलेली होती, नुसत्या काड्या. आता कोवळी पालवी फुटली नि थंडी मागून आली. वरच्या पाड्यावर विचारलं तर ते म्हणतात, एवढं काय गार नाय. त्यांना कसं असेल? सगळं गार रात्री आपल्या खड्ड्यात उतरतं नि सकाळपर्यंत बसून राहतं.

रोज तिन्हीसांजेला साड्या नि गोणपाट टाकते. चार साड्या हायत, त्यातली एक अंगावर. ऐंशी झाडं कशानं झाकू?

धूर केला तर झाडं वाचतील. आणि धूर करायला अंगणात राब रचलेलाच हाय. मी नि तुझ्या आयनं दोन महिने डोंगरातून टहाळ, पाला, शेण डोक्यावर आणून रचलाय. ती म्हणते, हा भाताचा राब हाय, रोपाची जागा भाजायचा. होळीच्या आधी राबाला काडी लावली तर जमीन वर्षभर तोंड फिरवते. आणि काडी लावायची ती घरच्या पुरुषानं सांगितल्यावरच. मी तोंड उघडलं की ती कोयता घेऊन राबाला टेकून बसते. काल जेवली पण तिथंच.

माझं ती ऐकणार नाय. तुझं ऐकेल. तू फक्त 'पेटव' एवढं लिही.

रोपं लावताना तूच बोललास ना, हा मोगरा एकदा उभा राहिला की बोट बंद, नवसी, मग मी घरीच. तीन वर्षं झाली. यंदा पहिला पुरा बहर हाय. दिवाळीला तू आलास तेव्हा आपल्या पोरीनं, रिद्धीनं, मला विचारलं, हा पाहुणा परत कधी जाणार. तू हसलास. मला हसू नाय आलं.

लवकर लिही.

नवसी

दांडी
६ फेब्रुवारी

नवसीस,

तुझं पत्र मी फोडलं. आधीच सांगून टाकते, मागून कुणाकडून कळायला नको. मी जमना. चिंतू ज्या बोटीवर खलाशी हाय तिचा तांडेल, बोट चालवणारा दादू, तो माझा घोव. बोट दर्यात हाय, रविवारी येईल. तिथं फोन लागत नाय, नि तुझ्या पाड्यात तर बारा महिने लागत नाय असं चिंतू सांगतो. माझी नणंद भाग्यश्री सुकी मासळी घेऊन तुमच्या बाजाराला येते, तिनंच तुझं पान आणून दिलं. वर लिहिलंय 'घाईचं हाय'. मग काय करू गो, तसंच ठेवू? फोडलं.

वाचून जिवाला घोर लागला. झाडापेडातलं मला काय कळत नाय. पण दव मला कळतं. आमचे बोंबील वलांडीवर, बांबूच्या मांडवावर, सुकत असतात, त्यांच्यावर रात्रीचं दव पडलं की सकाळी वास मारतो नि सगळी मेहनत पाण्यात. म्हणून आमी दिवस बुडायच्या आत वरून जाळं टाकतो, जाळ्यावर ताडपत्री. दव वरच्या वर अडतं. तुझ्या मोगऱ्याला पण तेच कर. भाग्यश्रीबरोबर बोटीवरची, डोलीच्या मासेमारीची, चार जुनी जाळी पाठवते. जाड हायत, एकेका जाळ्यात एक ओळ झाकेल. बांबू रोवून वरून ताण.

तुझं पत्र चिंतूला रविवारी देईन, माझ्या हातानं. काळजी करू नको. तुझा माणूस गुणाचा हाय. बोटीवर सगळे त्याला चिडवतात, जाळं ओढताना पण ह्याच्या तोंडात मोगरा. किती फुटवे आले, किती कळ्या लागतील. दादू म्हणतो, अरे मेल्या, तू दर्यात हायस का वाडीत?

सोबत थोडा सुका जवळा हाय. सासूला दे. जवळ्यानं माणूस नरम येतं.

जमना

खोलपाडा
११ फेब्रुवारी

जमनाबाय,

तुमी जीव लावून जाळी पाठवलीत, म्हणून हे लिहायला जड जातंय. पण लिहिते.

दोन ओळींवर तुमची जाळी ताणली. पहिले दोन दिवस बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी सकाळी बघते तर जाळ्याखालची पानं कडेनं तपकिरी, पापडासारखी. थंडीनं पान काळं पडतं, हे वेगळंच. जाळ्यावरून दवाचे थेंब टपटप पडत होते. एक थेंब बोटावर घेऊन जिभेला लावला. खारट! किती वर्षांचा दर्या त्या जाळ्यात मुरलेला असेल! दवानं तो भिजला नि सगळा माझ्या झाडांवर उतरला. जाळी ओढून काढली, ओहोळाचं पाणी कळशीनं आणून दिवसभर एकेक पान धुतलं. चौदा झाडं गेली. जाळी धुऊन वाळत टाकलीत, पण आता हात लावायचा धीर होत नाय.

तुमचा दोष नाय. मला पण कळायला हवं होतं.

आता सहासष्ट राहिली. थंडी जात नाय, उलट वाढतेय. काल संध्याकाळी वारा पूर्ण पडला. पाड्यातला जुना माणूस, बाळू दादा, म्हणाला, वारा पडून आभाळ असं कोरडं ठाक राहिलं ना, तर दव गोठतं. त्याच्या बापानं एकदा बघितलेलं.

रविवारी बोट आली असेल. त्यानं पत्र वाचलं का? काय बोलला? मला दुसरं काय नको जमनाबाय, त्याचा एक शब्द पाठवा. सासू आता राबाशेजारीच वाकळ टाकून झोपते.

नवसी

दांडी
१३ फेब्रुवारी

नवसी बाय,

तुझं पत्र वाचून मी कपाळावर हात मारून घेतला. मीठ! अगो, आमी जन्मापासून मिठात राहतो. आमची दारं खारट, आमचे केस खारट. जाळ्याला मीठ असतं हे माझ्या डोक्यातच आलं नाय. भलं करायला गेले नि चौदा झाडं माझ्या हातानं मेली. भाग्यश्री मला म्हणाली, वहिनी, मला तरी विचारायचंस. तिला तरी कुठं ठाऊक होतं! मला माफ कर.

बोट रविवारी आली, दीड दिवस थांबली नि परत गेली. माल उतरवायचा, बर्फ भरायचा, डिझेल भरायचं, सगळी धांदल. चिंतूला तुझं पत्र दिलं. त्यानं वाचलं. काय बोलला नाय. पान घडी घालून खिशात ठेवलं.

तू एवढं मनाला लावून घेऊ नको. माघ सरत आला, शिवरात्र तोंडावर हाय. शिवरात्रीला थंडी शिव शिव म्हणत जाते, आमचे म्हातारे सांगतात. आणि सासूचं पण खोटं नाय गो. होळीच्या आधी राब पेटवत नाय ही तुमची रीत. रीत मोडून घरात भांडण कशाला? झाडं काय, परत लावता येतात. माणसं आपल्या आपल्या कामाला लागलेली बरी.

बोट पुढच्या शुक्रवारी येईल.

जमना

खोलपाडा
१८ फेब्रुवारी

जमनाबाय,

दव गोठलं. मी डोळ्यानं बघितलं.

रविवारी संध्याकाळीच मला कळलं होतं. चुलीचा धूर वर जाईना, छपराला चिकटून पसरला. ओहोळाकडं गेले तर पायाला बोचतंय एवढं गार. कुत्रं चुलीतल्या राखेत जाऊन बसलं. आभाळात एक ढग नाय. झाडांना पाणी घातलं, बुडाशी पेंढा टाकला, साड्या टाकल्या. अंगावरची पण टाकली नि जुन्या चादरीत बसले. हसू नका.

पहाटे उठून ओहोळाच्या कडेला आले तर गवतावर कुणी पीठ भुरभुरलंय असं पांढरं. मला वाटलं परत मीठ. तुमची जाळी आठवली. बोट लावलं तर ते विरघळलं, जिभेला लावलं तर नुसतं पाणी. बर्फ! आपल्याकडं, जमनाबाय! पांढरं सरकत सरकत खालच्या ओळीपर्यंत आलेलं. सूर्य डोंगरामागून यायला अजून लय वेळ होता.

मग मी जे केलं ते तुमाला सांगायलाच हवं. मी पळत सासूकडं गेले नि बोलले, "उठा, रिद्धीच्या बाबाचा निरोप आलाय. राब पेटवायला सांगितलाय."

ती उठून बसली. म्हणाली, "कधी आला?"

मी म्हटलं, "काल बाजारात. भाग्यश्रीनं आणला."

"मग काल का नाय बोललीस?"

मी म्हटलं, "तुमी कोयता घेऊन बसता, मला भीती वाटते."

ती माझ्याकडं बघत राहिली. जन्मात एवढं कुणी माझ्याकडं बघितलं नसेल. मग तिनं कोयता खाली ठेवला नि स्वतः राबाचा पहिला भारा उचलला. आमी दोघींनी मिळून ओळींच्या मधे अकरा ढीग केले. काडी तिनंच लावली. जाळ नको, धूर हवा, म्हणून वरून ओला पाला टाकत गेलो. खड्डा धुरानं भरला. डोळे फुटायची पाळी आली. ती खोकत होती, मी खोकत होते, रिद्धी घरातून ओरडत होती की आग लागली, आग लागली. ऊन पडेपर्यंत हाललो नाय.

सहा झाडं गेली. साठ उभी हायत.

दोन महिन्यांचा राब गेला. आणि आता खरं संकट आलंय. वरच्या पाड्यानं धूर बघितला. होळीआधी राब जाळला म्हणून कुजबुज चाललीय. सासूनं सगळ्यांना सांगितलं की माझ्या मुलाचा निरोप होता. लोक म्हणाले, निरोप होता तर पान दाखव. होळीला सगळे जमतील तेव्हा दाखवायचंय. नाय दाखवलं तर आमच्या लावणीला पाड्यातलं कुणी हात देणार नाय, आणि ती म्हातारी माझ्या खोट्यापायी चारचौघांत खोटी पडेल. तिनं मला एकदाच विचारलं, "पान कुठाय?" मी म्हटलं, जमनाबायकडं राहिलंय.

मी चिंतूचं नाव घेऊन खोटं बोलले. तो काय बोलला नाय असं तुमी लिहिलंत, म्हणजे त्याच्या मनात नव्हतं. तरी मी पेटवलं. शुक्रवारी बोट येईल. त्याला सगळं सांगा. रागावला तर रागावू दे. पण त्याच्याकडून एक ओळ लिहून घ्या. माझ्यासाठी नाय, त्याच्या आयसाठी.

नवसी

दांडी
२० फेब्रुवारी

नवसी,

तुझं पत्र सकाळी आलं. तेव्हापासून माझ्या पोटात अन्न नाय.

ह्या पत्रात एक घडी घातलेलं पान हाय. आधी ते वाच, मग पुढं वाच.

वाचलंस? ते अक्षर तुझ्या नवऱ्याचं हाय. तारीख बघ. दहा फेब्रुवारी. तुझं पत्र वाचल्या वाचल्या त्यानं रिकाम्या बर्फाच्या पेटीवर बसून लिहिलं नि माझ्या हातात दिलं. म्हणाला, "वहिनी, आजच पाठवा, भाग्यश्रीताई निघायच्या आत." मी हो म्हटलं. आणि जवळ्याच्या डब्यात, झाकणाखाली ठेवून दिलं. तुला लिहिलं, काय बोलला नाय.

तू खोटं नाय बोललीस, नवसी. खोटं मी बोलले.

का, ते पण सांगते. ऐकून तू मला शिव्या दिल्यास तरी चालेल. दादूला तिन्हीसांजेनंतर दिसत नाय. दोन वर्षं झाली. गावात कुणाला ठाऊक नाय. कळलं तर त्याच्या बोटीवर एक खलाशी चढणार नाय, नि दादू दर्याशिवाय चार दिवस जगणार नाय. मागच्या कार्तिकात अंधारात तो बोटीच्या काठावरून पाण्यात गेला. चिंतूनं उडी मारून वर काढला. तेव्हापासून चिंतू बोटीच्या पुढच्या टोकाला, नाळीवर, उभा राहून त्याला सांगतो, डावीकडं, उजवीकडं, पुढं बोट हाय. चिंतू बोटीवर असतो म्हणून मी घरी झोपते.

आणि तुझ्या पत्रात लिहिलेलं, मोगरा उभा राहिला की बोट बंद. मी ती ओळ दहा वेळा वाचली. जाळी मी खऱ्या मनानं पाठवली, देवाशपथ. मिठाचं मला ठाऊक नव्हतं. पण चौदा झाडं मेली असं तू लिहिलंस ना, तेव्हा मला वाईट वाटलं, आणि वाईट वाटता वाटता थोडं बरं पण वाटलं. त्याच दुपारी मी ते पान डब्यातून काढून परत डब्यात ठेवलं. 'झाडं परत लावता येतात' असं तुला लिहिलं ते त्याच्यानंतर. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं त्या दिवसापासून भाग्यश्रीच्या डोळ्याला डोळा देत नव्हते.

आता पान तुझ्याकडं आलंय. होळीला दाखव. तारीख त्यावर हाय, तू कुठं खोटी पडत नायस. उद्या बोट येईल. चिंतूला मी माझ्या तोंडानं सांगणार. दादूसमोर सांगणार. मग तो माझ्या घरात पाणी प्यायला नाय तरी मी काय बोलणार नाय.

तुझ्या सासूला पण सांगायचं असेल तर सांग.

जमना

(सोबतचं पान)

नवसी,
राब पेटव. होळीची वाट बघू नको. आयला सांग, मी सांगितलंय. ती ऐकत नसेल तर हे पान तिच्या हातात दे. राब परत जमेल. संध्याकाळी झाडांना पाणी घाल, पाणी गार अडवतं. रिद्धीला सांग पाहुणा येतोय.
चिंतू
१० फेब्रुवारी

खोलपाडा
१५ मार्च

जमनाबाय,

तीन आठवडे मी लिहिलं नाय. तुमचं पत्र फाडायला दोनदा घेतलं. एकदा चुलीपर्यंत नेलं. मला एवढा राग आला होता की भाग्यश्री बाजारात समोरून आली तर मी तोंड फिरवून दुसऱ्या गल्लीत गेले. त्या बिचारीचा काय दोष!

त्या पहाटे मला किती भीती वाटत होती ते तुमाला कळणार नाय. थंडीची नाय. माझ्या माणसाच्या मनात नसताना मी त्याचं घर जाळतेय अशी भीती. आणि त्याचा शब्द तुमच्या जवळ्यात पडलेला होता.

पान मी सासूच्या हातात दिलं. तिला वाचता येत नाय. मी वाचून दाखवलं. तिनं ते परत घेतलं, उलटंसुलटं केलं, नि नाकाला लावलं. म्हणाली, "जवळ्याचा वास येतोय." परत हुंगलं. म्हणाली, "नुसता हाताचा वास नाय. लय दिवस डब्यात राहिलंय हे. म्हणजे आपण राब पेटवला तेव्हा हे पान घरात नव्हतं." मी म्हटलं, नव्हतं. "मग तू कशाच्या जोरावर बोललीस?" मी रडायला लागले. तिनं पान घडी घालून कमरेला खोचलं नि गुरांकडं निघून गेली. होळीपर्यंत त्यावर एक शब्द बोलली नाय. माझा जीव टांगणीला.

होळीला सगळा पाडा जमला. बाळू दादानंच विचारलं, पान कुठाय. सासूनं कमरेचं पान काढून त्याच्या नातवाच्या हातात दिलं. त्यानं मोठ्यानं वाचलं, तारखेसकट. मग ती म्हणाली, "माझ्या मुलानं सांगितलं, सुनेनं मला सांगितलं, काडी मी लावली. अजून कुणाला काय विचारायचंय?" कुणी विचारलं नाय. मग तिनं होळीला नारळ टाकला.

चिंतू होळीच्या सकाळीच आला. आल्या आल्या वाडीत गेला, एकेक झाड हातानं चाचपलं, नि मेलेल्या झाडांपाशी जाऊन नुसता बसला. तो सांगत होता, दादूशेटच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, पट्टी सुटली नि आता तिन्हीसांजेला पण दिसतं म्हणून. डोळ्याला नुसता पडदा आलेला होता. दोन वर्षं लपवलात तुमी तो! मी तिथं असते तर दादूशेटना हाताला धरून डॉक्टरकडं नेलं असतं. तुमी मला विचारायला हवं होतं, जमनाबाय. पहिल्याच पत्रात लिहायला हवं होतं, की माझ्या माणसाला दिसत नाय, तुझा माणूस थोडे दिवस राहू दे. मी काय उत्तर दिलं असतं ते मला ठाऊक नाय. कदाचित नाय म्हटलं असतं. पण ते माझं मी म्हटलं असतं.

चिंतू आता बोटीवर येणार नाय. त्याचं तुमाला तोंडावर सांगून झालंय, तरी मी पण लिहिते.

ह्या पानाबरोबर केळीच्या पानात बांधून पहिली फुलं पाठवतेय. चौतीस कळ्या हायत. संध्याकाळपर्यंत उमलतील, वास येईल. जवळ्याजवळ ठेवू नका.

आता राबाचं. पावसाच्या आत परत रचायचाय, आमी तिघं डोंगरात जातो तरी पुरत नाय. काल सासूला सगळं सांगितलं, दादूशेटचं, डब्याचं, सगळं. ती बराच वेळ टहाळ तोडत राहिली. मग म्हणाली, "ज्या बाईनं पान दाबून ठेवलं, तिला बोलव. पुढच्या रविवारी ये म्हणावं. भाकरी मी बांधीन." आणि मग म्हणाली, "कोयता आणायची गरज नाय. माझा हाय, तो देईन."

नवसी